शाळेचे प्रगतिपुस्तक

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की शाळेच्या फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिला जातो तो शेकडा निकालाचा आकडा. गावात शाळेची पत पुष्कळदा त्याच आकड्यावर ठरते. विद्यार्थ्याला प्रगतिपुस्तक असते तसे ते शाळेलाही असावे, हा विचार काही आजचा नव्हे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी १८६२ साली अशी पद्धत घालून दिली, की तपासनिसापुढे जितकी मुले वाचन, लेखन व अंकगणित यांत उत्तीर्ण होतील, त्या मानाने शाळेला अनुदान मिळावे. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकात निकाल पाहून अनुदान देण्याची रीत होती.

अमेरिकेत या कल्पनेचे एक शास्त्रच बनले आहे. २००२ सालच्या कायद्याने तेथील प्रत्येक राज्याला तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणित या विषयांत दरवर्षी परीक्षा घेणे आणि प्रत्येक शाळेत किती मुले 'प्रवीण' ठरली हे जाहीर करणे भाग पडले. २०१४ पर्यंत झाडून सारी मुले प्रवीण व्हावीत, असे उद्दिष्ट होते. ते साध्य झाले नाही, आणि २०१५ साली दुसरा कायदा आला.

नुसत्या शेकडेवारीत उणे काय, ते एका कल्पित वर्गावरून पाहू. वर्गात ४० मुले आहेत. त्यांपैकी ४ अतिप्रवीण, १२ प्रवीण, १६ जेमतेम आणि ८ अगदी कच्ची. प्रवीण व त्यावरील मुले १६, म्हणजे शाळेचा निकाल शेकडा ४०. आता रेषेच्या किंचित खाली असलेला एक जेमतेम मुलगा वर आला, तर निकाल ४२.५ होतो. परंतु ज्याला वर्षारंभी अक्षरओळखही नीट नव्हती असा एखादा कच्चा मुलगा कष्टाने जेमतेम वर्गात आला, तर निकाल होता तेथेच राहतो. मग शिक्षकाने जादा तास कोणासाठी घ्यावा? डेरेक नील आणि डायेन शान्झेनबाख या अभ्यासकांनी शिकागो शहरातील मुलांचे गुण तपासून २०१० साली दाखवून दिले, की अशा मोजणीत रेषेजवळच्या मधल्या मुलांचे गुण वाढले, पण तळाच्या मुलांना काहीच लाभ झाला नाही. यात शिक्षक दुष्ट होते असे मुळीच नाही. जे मोजले जाते त्याकडे माणसाचा हात आपसूक वळतो.

विस्कॉन्सिन राज्याने २०१२ पासून शाळांना शून्य ते शंभर या मापात गुण द्यावयास आरंभ केला, तेव्हा हा दोष ध्यानात ठेवला. तेथे कच्च्या मुलास शून्य, जेमतेम मुलास अर्धा, प्रवीणास एक आणि अतिप्रवीणास दीड अंक धरतात. आपल्या वर्गाचे अंक होतील ८ अधिक १२ अधिक ६, म्हणजे २६. त्यांस ४० ने भागले की शेकडा ६५. या रीतीत कच्चा मुलगा एक पायरी चढला काय किंवा जेमतेम मुलगा चढला काय, शाळेच्या पदरी सारखाच अर्धा अंक पडतो. एवढ्याशा बदलाने केवढा न्याय होतो पाहा!

तथापि संपादन म्हणजे शिक्षण नव्हे. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत तो मुलगा शाळेत येतानाच अर्धी वाट चालून आलेला असतो. म्हणून दुसरा घटक धरला आहे तो 'वाढ'. पूर्वी सारखेच गुण असलेल्या, सारख्याच परिस्थितीतील इतर मुलांच्या मानाने या शाळेतील मुले वर्षभरात किती पुढे गेली, याचा तो हिशेब. या दोन घटकांचा भार शाळेगणिक बदलतो. गरीब मुलांचे प्रमाण शेकडा ५ किंवा त्याहून कमी असेल, तर संपादनाला ९० व वाढीला १० भाग. ते ६५ किंवा त्याहून अधिक असेल, तर नेमके उलट. आणि मधल्या शाळांना मधले प्रमाण.

समजा, एका सधन शाळेचे संपादन ८० आणि वाढ ५० आहे. तिला ७२ अधिक ५, म्हणजे ७७ मिळतील. एका गरीब वस्तीतील शाळेचे संपादन ४५ आणि वाढ ८० आहे, तिला ४.५ अधिक ७२, म्हणजे ७६.५. संपादन तेवढे पाहिले असते तर दोघींत ३५ गुणांची दरी दिसली असती. मला या योजनेची दुसरी बाजू मात्र खटकते. सधन शाळेतील हुशार मुले वर्षभर जागच्या जागी राहिली, तरी त्या शाळेला त्याची झळ फारशी लागत नाही.

एकंदर गुणांत या दोन घटकांचा वाटा निम्मा. उरलेल्यापैकी अर्धा भाग शाळेतील सर्वांत कमी गुण असलेल्या चतुर्थांश मुलांच्या प्रगतीला, आणि अर्धा पुढील वाटचालीच्या खुणांना. त्यांत तिसरीचे वाचन, आठवीचे गणित, शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांची संख्या ही पाहतात.

आणि एक नियम सुज्ञपणाचा आहे: २० पेक्षा कमी मुलांच्या गटावरून असा हिशेब करीत नाहीत. आठ मुलांच्या वर्गात परीक्षेच्या दिवशी एकजण तापाने फणफणला आणि त्याचा पेपर बिघडला, तर शाळेची शेकडेवारी साडेबाराने खाली येते.