पांढरीचा धडा

आपल्या गावगाड्यात जमिनीला दोन नावे आहेत. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पडलेल्या भिंतींची माती, फुटलेली मडकी हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत जाते आणि वस्तीखालची जमीन भुरकट-पांढरी होते. माणसे निघून जातात, गावाचे नाव पुसले जाते, पण पांढरी राहते. नदीकाठी एक टेकाड दिसते आणि पावसाळा संपला की त्याच्या उतारावर खापरे उघडी पडतात. महाराष्ट्राचा सर्वांत जुना घरगुती इतिहास या पांढऱ्या मातीत आहे. आपल्या शाळांमध्ये मात्र तो अजून पुरता पोचलेला नाही.

निफाड तालुक्यातले विंचूर लोकांना ठाऊक आहे ते कांद्यासाठी. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो. इतिहासाची गोडी असलेल्यांना पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात. एसटीने हिंडणाऱ्यांना आणखी एक नाव माहीत असते, विंचूर-प्रकाशा रस्ता. चांदवड, सटाणा करीत हा रस्ता उत्तरेला तापीकाठी प्रकाशे गावापर्यंत जातो. या प्रकाशात, तापी आणि गोमाईच्या संगमावर, १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले होते. सर्वांत खालच्या थरात त्यांना ताम्रपाषाणयुगातली वस्ती लागली. म्हणजे विंचूरची मुले ज्या रस्त्याच्या कडेने शाळेत जातात, त्याचे दुसरे टोक तीन-साडेतीन हजार वर्षे मागे जाते!

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला अधूनमधून शाळांतून बोलायला बोलावतात. विंचूरच्या एका शाळेत सहावीच्या मुलांशी गप्पा मारत होतो. हडप्पा संस्कृतीचा धडा नुकताच झाला होता. मोहेंजोदडोचे स्नानगृह, सरळ रस्ते, झाकलेली गटारे, सगळे मुलांना पाठ होते. एका मुलीने उभी राहून विचारले, “सर, ते सगळं तर पाकिस्तानात आणि गुजरातेत. मग तेव्हा आपल्याकडं कोण राहत होतं?”

या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि चांगले सविस्तर आहे. नाशिक शहरात गोदावरीकाठच्या जुन्या गढीवर आणि संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि काळ्या नक्षीची लाल, खणखणीत भाजलेली भांडी मिळाली. पुढे तशी भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडत गेली आणि त्या साऱ्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडले. त्यानंतर नेवासे झाले, पुणे जिल्ह्यातले चांडोली झाले. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे तर १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसे खणत होती. इसवी सनापूर्वी १६०० पासून ७०० पर्यंत तिथे एक शेतकरी गाव नांदत होते. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले.

हडप्पाही आपल्याला वाटते तितके दूर नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद नावाचे ओसाड टेकाड आहे. तिथल्या एका थरात उत्तर-हडप्पा काळातली वस्ती मिळाली, सिंधू लिपीची चिन्हे असलेली खापरे मिळाली. त्याच दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे सापडली. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. ती नेमकी कोणत्या काळातली, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. विंचूरहून एसटीने सकाळी निघाले तर हे टेकाड पाहून संध्याकाळी घरी परत येता येते.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते ती वेळापत्रकात आहे. पाचवीपर्यंत आपल्याकडे ‘परिसर अभ्यास’ नावाचा एकच विषय असतो. त्यात नदी, माणूस, शेती, इतिहास एका घरात राहतात. सहावी उजाडली की वाटण्या होतात. इतिहास-नागरिकशास्त्र एकीकडे, भूगोल दुसरीकडे, विज्ञान तिसरीकडे, आणि गणित तर कुणाशी बोलतच नाही. भाऊबंदकीत बांधावर दगड रोवतात तसे प्रत्येक तासाच्या कडेला घंटेचे दगड. इनामगावचा जळका सातूचा दाणा कुणाच्या हिश्शाला जावा? तो इतिहासाचा, शेतीचा, वनस्पतिशास्त्राचा की गणिताचा? वाटणीत असे सामाईक धन हमखास गहाळ होते.

विषय जोडून शिकवावेत ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. एका हस्तव्यवसायाभोवती सगळे विषय गुंफायचे, याला ‘समवाय’ असा नेमका शब्दही मिळाला. टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल, इतिहास. अलीकडे २०२३ साली दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून आपल्याकडे सगळ्या विषयांचे धडे एकत्र बांधून चार भागांत पुस्तके काढली गेली, आणि २०२५ साली तो प्रयोग मागे घेण्यात आला. विषय एका बांधणीत आले, पण एकमेकांत आले नाहीत. शिवणारा दोरा पुस्तकाच्या पुठ्ठ्यात नव्हे, प्रश्नात असावा लागतो.

आता त्या मुलीचा प्रश्न घेऊ आणि एकेका तासाच्या दारात जाऊ.

गणिताचा तास. हडप्पा संस्कृतीतली दगडी वजने एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी दुपटीने वाढत जातात. त्यातले सोळा पट वजन साधारण साडेतेरा-पावणेचौदा ग्रॅम भरते. आमचे वडील सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर यांत वाढले. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणे गेले, पण ‘सोळा आणे खरे’ आपण अजून म्हणतो. दुपटीची ही पद्धत इतकी सोयीची का, हे मुलांना तराजू देऊन कळते. एक, दोन, चार, आठ एवढी चारच वजने हाताशी असली की एकपासून पंधरापर्यंत काहीही तोलता येते. कांद्याच्या बाजारात वाढलेल्या पोराला हे फळ्यावर समजावण्याची गरजच नाही. त्याच संस्कृतीची वीट एकास दोनास चार या प्रमाणात असे. गावाजवळच्या वीटभट्टीवर जाऊन आजची वीट मोजावी आणि त्या प्रमाणाशी ताडून पाहावी. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा झालाच.

विज्ञानाचा तास. इनामगावचे काळे पडलेले सातूचे दाणे किती जुने, हे कसे कळले? सजीवात कार्बन-१४ असतो, जीव गेला की तो घटू लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा होतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या दाण्यात त्यातला साधारण दोन तृतीयांश उरलेला असणार. विलर्ड लिबी यांनी ही रीत शोधली, त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले; आणि आपल्या ताम्रपाषाणयुगीन गावांच्या कित्येक तारखा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढल्या गेल्या.

भूगोलाचा तास. ही माणसे नदीला चिकटून का राहिली? लोखंड नव्हते, लाकडी अवजारांनी खोल काळी जमीन हटत नाही, म्हणून नदीकाठच्या मऊ गाळावर शेती. सातू हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. नदीचे पाणी वळवून साठवण्यासाठी इनामगावकरांनी पाट आणि बांध घातला होता. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातले पाणी कालव्यांतून खाली जाताना पाहणाऱ्या मुलांना याहून जवळचे उदाहरण कोणते? पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले असावे, असे म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत आहे. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढली. शेवटी गाव उठले. दुष्काळात गाव सोडणे म्हणजे काय, हे विंचूर-येवला पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही.

मराठीचा तास. त्या गावात धान्य साठवायला जमिनीत खड्डे होते आणि कणग्यांसाठी गोल ओटे होते. धान्याच्या अशा खड्ड्याला आपण पेव म्हणतो. ‘अमक्याचे पेव फुटले’ असे वर्तमानपत्रात रोज छापले जाते, पण पेव कुणी पाहिलेले नसते. कणगी, बळद, रांजण, उतरंड, पाटा-वरवंटा अशा शब्दांची यादी मुलांनी आजीकडून आणावी. म्हणी आपोआप उलगडतील.

आणि नागरिकशास्त्र. इनामगावात एक पाच खोल्यांचे मोठे घर सापडले, आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. अभ्यासकांनी ते गावच्या प्रमुखाचे मानले. मी आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस. मला हे कोठार ही बँकच वाटते. ठेव कुणाची, किल्ली कुणाकडे, दुष्काळात कुणाला किती द्यायचे हे ठरवणार कोण? पीककर्जाच्या टेबलाशी बसून मी जे प्रश्न तीस वर्षे ऐकले, तेच हे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ते खासच कळतात.

एक गोष्ट जपून सांगायला हवी, पण टाळू नये. इनामगावातली बहुसंख्य दफने लहान मुलांची आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात बाळ, आणि ते घरातल्याच जमिनीत पुरायचे. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्या धाग्यात ओवले होते त्याचा अंशही उरला होता. इतकी मुले का जात होती? आहार, रोगराई, लसीकरण, आईचे आरोग्य, सगळे विज्ञानाचे धडे या एका प्रश्नापाशी येतात. बाळाला उंबऱ्याबाहेर न नेता घरातच ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात काय असेल, हे पुस्तक सांगत नाही. ते मुलांनी निबंधात लिहावे. मोठ्या माणसांना पुरताना पावले तोडलेली आढळतात. मेलेला परत येऊ नये म्हणून असेल, असा तर्क आहे. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही. आणि आजच्या काळात, जेव्हा कुणीही उठून इतिहास सांगतो, तेव्हा तो फार गरजेचा आहे.

शिक्षक म्हणतील, हे बोलायला सोपे. अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा घ्यायच्या, वर माहिती भरण्याची कामे. त्यात हे कधी? त्यांची तक्रार खरी आहे. पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. त्यातले चार दिवस पुरेत. पहिल्या दिवशी तराजू आणि वीट. दुसऱ्या दिवशी गावातल्या कुंभाराकडे माती मळायची, काळ्या रेषांची नक्षी काढायची. तिसऱ्या दिवशी आजी-आजोबांना वर्गात बोलवून शब्दांची वही भरायची. चौथ्या दिवशी एसटी करून दायमाबाद किंवा नाशिकची गढी. चार विषयांच्या शिक्षकांनी एक दुपार एकत्र बसावे लागेल, एवढाच खर्च. मूल्यमापनाला प्रश्न एकच: ‘तेव्हा आपल्याकडे कोण राहत होते, आणि तुला ते कशावरून कळले?’

घाई करण्याला कारण आहे. पांढरीची माती शेताला चांगली, धाब्याच्या घरांना चांगली, म्हणून ती पूर्वापार बैलगाड्यांनी उपसली गेली. आता जेसीबी आहे. गाडीने शंभर वर्षांत जेवढे गेले नसते तेवढे एका दुपारी जाते. कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण फुटक्या खापराचे मोल दहा रुपये कोण धरणार? टेकाडाला पहारेकरी परवडत नाही. जेसीबीच्या चालकाला “थांबा, ही पांढरी आहे” असे सांगू शकेल असे कुणीतरी त्या शिवारात असावे लागते. त्या शेतकऱ्याचा सहावीतला मुलगा किंवा मुलगी ते सांगू शकेल. त्याला किंवा तिला खापर ओळखता आले पाहिजे, एवढे काम शाळेचे आहे.