अल्पायुषी अणूंचे उपकार

“रक्तांत किरणोत्सर्गी द्रव्याची सुई टोचावी लागेल,” असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे सुशिक्षित घरांतील मंडळीहि चपापतात. अणु म्हटला कीं १९४५ सालचें हिरोशिमा डोळ्यांपुढें उभें राहतें. हें द्रव्य शरीरांत किती दिवस राहील, रोग्याला तें बाधेल काय, घरांतील तान्हें मूल त्याच्या मांडीवर देतां येईल कीं नाहीं, अशा शंका मनांत येतात. त्या रास्त आहेत. आणि त्यांचें उत्तर अणूच्या आयुष्याच्या हिशेबांत सांपडतें.

प्रत्येक अणूच्या मध्यभागीं एक सूक्ष्म गर्भ असतो व त्याभोंवतीं इलेक्ट्रॉन असतात. पदार्थाचा रासायनिक स्वभाव इलेक्ट्रॉनांवरून ठरतो. किरणोत्सर्ग मात्र अस्थिर गर्भांतून होतो. म्हणून साध्या आयोडीनच्या जागीं किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत गेलें, तर शरीराला तो भेद कळत नाहीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि दोन्ही सारख्याच ओढीनें शोषून घेते. पण किरणोत्सर्गी अणु आपला ठावठिकाणा बाहेर कळवीत राहतात. जॉर्ज हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञानें ही युक्ति रूढ केली. १९२३ सालीं त्यानें किरणोत्सर्गी शिसें वापरून, वनस्पति शिसें कसें शोषून घेतात याचा माग काढला. पुढें त्याला १९४३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हे अणु जें कांहीं बाहेर टाकतात तें एकाच जातीचें नसतें. बीटा कण शरीरांत कांहीं मिलिमीटर जाऊन थांबतात. म्हणून ते रोगट पेशी नष्ट करण्याच्या कामीं येतात. थायरॉइडच्या विकारांवर आयोडीन-१३१ देतात तें याच कारणानें. गॅमा किरण मात्र मांस व हाडें भेदून बाहेर पडतात. ते एका स्फटिकावर पडले कीं तेथें प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो, आणि अशा असंख्य ठिपक्यांवरून यंत्र अवयवाचें चित्र तयार करतें. साध्या क्ष-किरणांच्या चित्रांत अवयवाची घडण दिसते. या चित्रांत त्याचें कार्य दिसतें.

आतां मुख्य मुद्दा आयुष्याचा. अमुक एक अणु केव्हां क्षय पावेल हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. परंतु कोट्यवधि अणूंपैकीं निम्मे किती वेळांत क्षय पावतील, हें नेमकें सांगतां येतें. या काळास अर्धायुष्य म्हणतात. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें आहे. आयोडीन-१३१ चें आठ दिवस. आणि तपासणीसाठीं आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचें अवघें सहा तास. सकाळीं दहा वाजतां सुई दिली, तर दुपारीं चारला निम्में, रात्रीं दहाला चतुर्थांश आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाला एक-षोडशांशच टेक्नेशियम उरतें. शिवाय त्याचा कांहीं भाग लघवीवाटे निघून जातो. म्हणूनच डॉक्टर भरपूर पाणी पिण्यास सांगतात.

परंतु जो गुण रोग्याच्या हिताचा, तोच पुरवठा करणाराच्या अडचणीचा. सहा तासांत निम्में होणारें औषध दूरच्या गांवीं पाठवावें कसें? अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेनें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली. इस्पितळांत टेक्नेशियम न पाठवितां त्याचें जनक द्रव्य, म्हणजे ६६ तास अर्धायुष्याचें मॉलिब्डेनम-९९, शिशाच्या कवचांतील नळींत बसवून पाठवावयाचें. त्याच्या क्षयांतून टेक्नेशियम उत्पन्न होत राहतें. रोज सकाळीं नळींतून मिठाचें पाणी सोडलें कीं टेक्नेशियम तेवढें धुऊन निघतें व मॉलिब्डेनम मागें राहतें. हा प्रकार दूध काढण्यासारखा असल्यामुळें या साधनाला विनोदानें ‘गाय’ म्हणतात. मात्र ही गाय आठवड्या-दोन आठवड्यांत आटते, आणि नवी आणावी लागते.

यांतील धोका २००९ सालीं दिसून आला. कॅनडांतील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी गळतीमुळें बंद पडली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत. जगाच्या मॉलिब्डेनमचा मोठा भाग तेथून येत असे. साठा करून ठेवणें तर शक्यच नव्हतें. अनेक देशांत रोग्यांच्या तपासण्या लांबणीवर पडल्या.

मुंबईंत परळ येथें अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचा उपयोग रोग्यांसाठीं करीत आलें आहे. अशा ठिकाणीं जाणाऱ्या स्त्रीनें आपण गरोदर आहों किंवा मुलाला अंगावर पाजतों, हें आधींच सांगितलें पाहिजे. तपासणीनंतर तान्ह्या मुलाला कांहीं तास दूर ठेवण्यास सांगितलें, तर घाबरण्याचें कारण नाहीं. आयोडीनच्या उपचारानंतर हेच पथ्य कांहीं दिवसांचें असतें. तासांचें पथ्य कीं दिवसांचें, हें मुख्यतः त्या अणूच्या अर्धायुष्यावर व दिलेल्या मात्रेवर अवलंबून असतें. आपलें काम करून लौकर नाहींसा होणारा अणुच रोग्याचा खरा मित्र होय.