ईश्तरच्या डोळ्यांतली माणके

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बॅबिलोनची एक छोटी मूर्ती आहे. अलाबास्टर दगडाची, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, बहुधा ईश्तर देवीची. तिच्या डोळ्यांत आणि बेंबीत लाल खडे आहेत. ही रंगीत काच असावी, असे बरीच वर्षे धरून चालले होते. खात्री करायची, तर खडा उपटून थोडासा खरवडायला हवा. त्याला परवानगी कोण देणार?

मग मूर्तीच तळघरात नेली. लूव्रच्या पोटात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘अग्लाए’ नावाचा कणवेगवर्धक, म्हणजे पार्टिकल ॲक्सिलरेटर आहे. त्याची करामत मोठी काटकसरीची. हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवतात. तो ऋणभारित झाला, की यंत्राच्या मध्यावरचा १५ लाख व्होल्टचा धन दाब त्याला ओढून घेतो. तिथे त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढून घेतात. उरतो नुसता प्रोटॉन, आणि आता तोच दाब त्याला पुढे ढकलतो. एका दाबात दोनदा काम, ऊर्जा ३० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट!

प्रोटॉनांचा हा झोत अतिशय पातळ पडद्यातून बाहेर, उघड्यावर ठेवलेल्या वस्तूवर येतो. प्रोटॉन अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतो, बाहेरचा त्या जागी येतो आणि क्ष-किरण सुटतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी. ‘पिक्से’ नावाची ही पद्धत स्वीडनमधल्या लुंड इथे १९७०मध्ये पुढे आली.

काच असती, तर सिलिकॉन भरभरून दिसले असते. दिसले ॲल्युमिनियम, आणि लाली देणारे क्रोमियम. ही तर अस्सल माणके! पण खरी गंमत किरकोळ भेसळीत होती. ॲल्युमिनियम ऑक्साइड सगळ्याच माणकांत असते. लोह, व्हॅनेडियम, गॅलियम यांचे बारीक प्रमाण मात्र खाणीगणिक बदलते. ते जुळले बर्माच्या माणकांशी. म्हणजे खडे हजारो किलोमीटरचा प्रवास करून मेसोपोटेमियात पोचले होते.

या झोताला वरचे काही दशांश मिलिमीटरसुद्धा भेदता येत नाहीत, त्यामुळे गंजलेल्या नाण्याबाबत तो सहज फसवू शकतो. खड्यांना ही अडचण नाही. म्हणूनच फ्रान्समधल्या मेरोव्हिंजियन काळातल्या दागिन्यांचे लाल गार्नेटही अग्लाएपुढे मांडले गेले. पाचव्या-सहाव्या शतकांतले बरेचसे भारत आणि श्रीलंकेकडचे निघाले. सातव्या शतकात मात्र बोहेमियाचे गार्नेट दिसू लागतात. पूर्वेकडचा माल का आटला, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.