दुसऱ्याला हात, आपल्या मनाला विसावा

"अंग टेकले तरी डोळ्याला डोळा लागत नाही," ही तक्रार आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येते. घरभाडे, पोरांची फी, उद्या काम मिळेल की नाही याची धास्ती! दिवसभर हातपाय राबतात आणि रात्री डोके राबते. या काळज्या खऱ्या आहेत. शेजाऱ्याशी चार गोड शब्द बोलल्याने घरभाडे भरले जात नाही. पण काळजी उगाळत बसले की माणूस स्वतःतच कोंडला जातो. या कोंडीतून सुटण्याची एक वाट दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यात आहे.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी मैत्रीभावनेचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यातले पहिले तीन पाहा. सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते आणि वाईट स्वप्ने पडत नाहीत. मैत्री करणारा माणसांना प्रिय होतो, त्याचे चित्त लवकर एकाग्र होते, असेही पुढे म्हटले आहे. यादीतला पहिलाच लाभ झोपेचा आहे, हे ध्यानात घ्या.

आजचे मानसशास्त्रही असेच काही सांगते. कॅनडातील संशोधकांनी ४६ जणांना सकाळी पैशांची पाकिटे दिली. कुणाच्या पाकिटात ५ डॉलर होते, कुणाच्या २०. काहींना सांगितले, 'संध्याकाळी पाचपर्यंत हे स्वतःवर खर्च करा.' इतरांना सांगितले, 'दुसऱ्या कुणासाठी खर्च करा.' संध्याकाळी विचारपूस केली, तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदात आढळले. रक्कम ५ की २०, याने फरक पडला नाही. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हे सुख काही श्रीमंतांच्या मालकीचे नाही!

पण दया वेगळी आणि मैत्री वेगळी. वरून टाकलेल्या भाकरीने पोट भरते, पण मान खाली जाते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीचे महत्त्व सांगितले. मैत्रीत देणारा वर नसतो आणि घेणारा खाली नसतो. आज तुम्ही शेजारणीचा हंडा उचलून द्याल, उद्या ती तुमच्या तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसेल. आपण एकटे नाही, ही जाणीवच मनाचे ओझे हलके करते.

मात्र 'दुसऱ्यासाठी करा' असे सांगताना घरातल्या बाईकडे बोट दाखवू नका. ती पहाटेपासून करतेच आहे! नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले की, मदत आपखुशीने केली तर करणाऱ्याचे मन प्रसन्न होते. दडपणाखाली केली तर तसा लाभ होत नाही. म्हणून कामावरून थकून आलेल्या आईला मुलाने चहा करून द्यावा. रात्रीची भांडी कधी वडिलांनी घासावीत. आणि कुणाचा अपमान मुकाट गिळणे म्हणजे मैत्री नव्हे, हेही मुलांना सांगावे.

यासाठी पैसा लागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला बँकेचा फॉर्म भरून द्या. कामावर नव्याने लागलेल्या पोराला न हिणवता काम शिकवा. ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्याच्याकडे जाऊन घटकाभर बसा. उपदेश नको, नुसते ऐका. या आठवड्यात यातले एक तरी काम करून पाहा.

आणखी एक. मैत्री हे औषधोपचाराच्या बदली नाही. दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, जेवण-झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. शेजारचे कुणी असे खचलेले दिसले, तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा. त्याच्या रांगेत तासभर उभे राहणे हीसुद्धा मैत्रीच आहे. त्या रात्री तुम्हालाही थोडी शांत झोप लागेल.