कोळ्याचे अर्धे नाव

मासे धरणारा आणि माश्या धरणारा, दोघांनाही मराठीत 'कोळी'च म्हणतात, जाळे दोघांचेही. पण रानात हिंडू लागले की कळते, अनेक कोळी भक्ष्यासाठी जाळे विणतच नाहीत. तेव्हा ओळख जाळ्यापासून नव्हे, डोळ्यांपासून सुरू करावी.

बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी कुळ सांगते. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे असले, तर तो उड्या मारणारा कोळी, म्हणजे साल्टिसिडी कुळ. खाली चार बारीक, वर दोन मोठे आणि मागे आणखी दोन असले, तर लायकोसिडी. रात्री विजेरी कपाळाशी धरून गवतात पाहिले, तर या कुळातल्यांचे डोळे दवबिंदूंसारखे चमकतात.

छायाचित्र काढताना मी चार बाजू घेतो: पाठ, पोट, कूस आणि चेहरा. सोबत झाड, तारीख, ठिकाण आणि शरीराची लांबी टिपतो. भिंग जवळ नेले की मिलिमीटरभरच भाग स्पष्ट येतो. म्हणून छिद्र लहान ठेवावे, फ्लॅशपुढे पांढरा कागद लावून उजेड सौम्य करावा आणि नेम डोळ्यांवरच धरावा.

एवढे करूनही छायाचित्र बहुधा कुळापर्यंत, फार तर प्रजातीपर्यंत नेते. जात ठरते ती प्रौढ मादीच्या पोटाखालच्या जननांगावरून किंवा नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या रचनेवरून, तीही सूक्ष्मदर्शकाखाली. शिवाय रूप फसवते. सह्याद्रीतल्या नेफिला पिलिपेसची मादी पाय धरून तळहाताएवढी भरते. तिच्याच जाळ्यावरचा चिमुकला नर नवख्याला दुसरीच जात वाटतो.

ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये अभ्यासकांनी 'आयसियस तुकारामी' हे नाव दिले, 26/11 च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. म्हणजे विज्ञानाला ठाऊक नसलेला जीव महानगराच्या काठावरही सापडतो. अशा जागा झपाट्याने बांधकामाखाली जातात; उद्या तिथे काय होते याचा पुरावा म्हणून आपली नोंदच उरेल. त्या नोंदीवर अंदाजाने लिहिलेले जातीचे नाव पुढचा अभ्यासक खरे मानतो, आणि तपासायला तिथे कोळीही नसतो, झुडूपही नसते.

मी नमुने गोळा करत नाही. त्यामुळे माझ्या बहुतेक छायाचित्रांखाली प्रजातीचेच नाव असते. जातीची जागा मी कोरी ठेवतो. ती भरणाऱ्याला तारीख आणि ठिकाण मात्र बिनचूक मिळायला हवे.