सात दिवस की तीस दिवस?

“गेल्या तीस दिवसांत गोडेतेल किती लागलं?” सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने असं विचारलं की घरातल्या बाईला हिशेब मांडावा लागतो. डबा गणपतीच्या आधी फोडला होता, मधे पाहुणे येऊन गेले, वाटीभर शेजारी उसनं दिलं. नवऱ्याने बाहेर खाल्लेल्या वडापावची तर तिला खबरही नसते. शेवटी ती म्हणते, “लिहा तीन किलो.” देशात गरीब किती, हा आकडा अशा ‘लिहा’वर उभा असतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण 1950मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालं. कोणत्या घराचं दार ठोठावायचं, हे माहिती गोळा करणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. घरं यादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. यादृच्छिक नमुना म्हणतात तो हाच. त्यात आपल्याकडे कसब मोठं होतं. मेख होती प्रश्नात.

महिन्याऐवजी आठवड्याचा खर्च विचारला की अन्नाचा खप जास्त भरतो, हे 1950च्या दशकातच दिसलं होतं. महिन्याभरातल्या बारीकसारीक खरेद्या विसरल्या जातात, हे एक कारण. दुसरं याच्या अगदी उलट: दहा दिवसांपूर्वी आणलेली साखर ‘याच आठवड्यातली’ वाटते आणि हिशेबात घुसते. तेव्हाच्या तपासणीत धान्यासाठी महिना बरा ठरला आणि तीस दिवसांचा प्रश्न कायम झाला.

1994 ते 1998च्या फेऱ्यांत मात्र एक देखणा प्रयोग झाला. काही घरांना जुनी प्रश्नावली, काहींना नवी. कोणाला कोणती, हे यादृच्छिकपणेच ठरलं. नवीत अन्नासाठी सात दिवस, कपडे आणि टिकाऊ वस्तूंसाठी वर्ष. देश तोच, माणसं त्याच प्रकारची, पण नव्या प्रश्नावलीने मोजलेली गरिबी जवळपास निम्मी! खर्चातला फरक काही दुप्पट नव्हता. पण तेव्हा आपल्याकडे माणसांची दाटी दारिद्र्यरेषेच्या आसपासच होती. 1999-2000मध्ये ग्रामीण भागासाठी ही रेषा दरमहा माणशी सुमारे 328 रुपये होती. तिथे पाच-पन्नास रुपये इकडचे तिकडे झाले की कोट्यवधी लोक रेषा ओलांडत.

इतकं कळल्यावर 1999-2000च्या फेरीत काय केलं? अन्नासाठी सात आणि तीस दिवस, दोन्ही रकाने एकाच कागदावर शेजारी शेजारी छापले. माझ्या मते हा शुद्ध अविचार होता. आठवड्याचं उत्तर दिलं की महिन्याचं त्याच्याशी जुळवून घ्यायचा मोह उत्तर देणाऱ्यालाही होतो आणि लिहून घेणाऱ्यालाही. दोन्ही आकडे एकमेकांना चिकटले आणि 1993-94चं 36 टक्क्यांचं दारिद्र्य 26.1 टक्क्यांवर आलं. आर्थिक सुधारणांचं यश म्हणून एका गटाने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याने लबाडीचा आरोप केला. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी मग ज्या वस्तूंचा प्रश्न बदललाच नव्हता, त्यांच्या खर्चावरून आकडा दुरुस्त केला. त्यांच्या हिशेबात घट खरी निघाली, पण अधिकृत आकड्याइतकी नाही.

समाजशास्त्राच्या पुस्तकात विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन संज्ञा जोडीने येतात आणि परीक्षेपुरत्या पाठ होतात. दर वेळी दोनशे ग्रॅम कमी दाखवणारा वाण्याचा काटा विश्वसनीय असतो, सप्रमाण नसतो. तीस दिवसांचा प्रश्न असा काटा होता का, यावर वाद घालता येतो. पण काटा तोच होता, म्हणून निदान दोन वर्षांची तुलना तरी करता येत होती.

2011-12मध्ये ग्रामीण भागाचा माणशी मासिक खर्च एका पद्धतीने 1287 रुपये निघाला, तर काही खाद्यपदार्थांसाठी सात दिवसांचा प्रश्न असलेल्या दुसऱ्या पद्धतीने 1430. पुढचं प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण 2022-23चं. त्यात हा आकडा 3773 होता. तो 1430शेजारी मांडण्याआधी एक तपशील पाहायला हवा: या वेळी एकाच भेटीत सगळं न विचारता, तीन वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन त्याच घरी तीनदा जायचं ठरलं होतं.