हाड मोडलं कधी?

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये सहा तान्ह्या मुलांची हकिगत छापली. सगळ्यांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेलं आणि लांब हाडं मिळून २३ ठिकाणी मोडलेली. घरच्यांच्या सांगण्यात कारण सापडेना. कॅफींनी शंका ठेवली, बोट कुणाकडे दाखवलं नाही.

ते दाखवलं १९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्प यांनी. ७१ रुग्णालयांतली ३०२ मारहाण झालेली मुलं. त्यांतली ३३ दगावली. पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अशी शंका कळवण्याचे कायदे झाले. डॉक्टर संशय घ्यायला शिकले. तो कुठे आवरायचा, हे शिकायला मात्र जास्त वेळ लागला.

कारण हाड जन्मतानाही मोडतं. बाळ थोराड असलं, खांदा अडकला की कॉलरबोन कधी कधी मोडतं. बाळ एक हात कमी हलवतं, तेवढंच. बऱ्याचदा तेही ध्यानात येत नाही. दुसऱ्या आठवड्यात तेल लावताना आईच्या बोटांना खांद्यापाशी टणक गाठ लागते, तेव्हा घरात घबराट उडते. ती गाठ म्हणजे हाड जुळत असल्याची खूण, कॅलस. आणि तीच साक्षीदार: नवजाताचं हाड साधारण सात ते अकरा दिवसांत एक्स-रेवर कॅलस दाखवू लागतं. तीन आठवड्यांच्या बाळाच्या मोडलेल्या हाडावर त्याचा मागमूस नसेल, तर दोष प्रसूतीवर ढकलता येत नाही.

फासळ्या आणि हाडांची टोकं इतकी सरळ नाहीत. टोकांच्या बारीक चिरा म्हणजे मारहाणच, असं पॉल क्लाइनमन यांच्या १९८६ च्या अभ्यासानंतर बरेच जण धरून चालले. पुढे तशाच चिरा सिझेरियननंतरही सापडल्या. अवघड प्रसूतीत मागच्या बाजूची फासळी मोडल्याच्याही नोंदी आहेत, क्वचित. ठिसूळ हाडांचा आनुवंशिक आजार, मुडदूस, अपुऱ्या दिवसांचं बाळ, हे वेगळंच. गंमत अशी, की हाडांवर नवा थर चढवून फसवणारा एक आजार कॅफींच्याच नावाने ओळखला जातो.

उलट टोकही गाठलं गेलं. ब्रिटनमध्ये कॉलिन पॅटरसन यांनी ‘तात्पुरत्या ठिसूळ हाडां’चा, म्हणजे काही बाळांची हाडं मारहाणीशिवायच मोडतात असा, सिद्धान्त कोर्टांत मांडला; त्यावरून २००४ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने त्यांचं नाव नोंदवहीतून काढलं.

आता शंका आली की बाळाच्या सगळ्या हाडांचे एक्स-रे निघतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. पहिल्या वेळी न दिसलेली चीर कॅलसमुळे उघडी पडते. त्याच्या जोडीला प्रसूतीचे कागद लागतात. खांदा अडकला होता का, हे त्यात लिहिलेलं नसेल, तर पुढचं सगळं आठवणींवर.